पार्वताबाईंची काडी आणि विहिणीचं लुगडं

सडक अर्जुनीला हायवेवरून ट्रक गेला की ज्या दुकानाचे पत्रे आधी थरथरतात, ते दुकान पार्वताबाई टेंभुर्णे यांचं. आत एका बाजूला त्यांचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला त्यांचे यजमान हिरालालभाऊ यांचं इस्त्रीचं टेबल, आणि मधल्या स्टुलावर एक आगपेटी. दुकानात बिडी ओढणारं कोणी नव्हतं. आगपेटी होती ती कापडासाठी. कापड कसलं आहे हे ओळखण्यात अख्ख्या तालुक्यात आपला हात धरणारं कोणी नाही, असं पार्वताबाई स्वतःच सांगायच्या, आणि त्यांचा स्वभाव माहीत असलेले लोक वाद न घालता हो म्हणायचे.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी कापड चिमटीत धरायचं. मग त्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि तो आत मुरतो की वरच्या वर घरंगळतो ते बघायचं. एवढ्याने समाधान झालं नाही, आणि ते क्वचितच व्हायचं, तर काठाचा एक धागा ओढायचा, काडी पेटवायची आणि धागा ज्योतीजवळ न्यायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख फुंकरीने उडते. कोसा, म्हणजे जंगली रेशीम, जळताना केस जळाल्याचा वास येतो. टेरीकॉटमधला टेरीन काळा धूर सोडतो आणि गोडसर वासाने नाक भरून टाकतो. आणि नायलॉन? ते ज्योत जवळ येताच अंग चोरून मागे सरतं, वितळतं, आणि त्याचा एक टणक मणी तयार होतो, नखाने दाबला तरी न फुटणारा. वास येतो तो पालेभाजीचे देठ करपल्यासारखा. पार्वताबाई डोळे मिटून हा वास घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या.

ही विद्या त्यांनी एका जळक्या शर्टावर मिळवली होती. ती हकिकत नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली. दुर्गाप्रसाद बिसेन गुरुजी हे शाळेत विज्ञान शिकवायचे. घरची धानाची शेती, पोवारांचं मोठं कुटुंब, बोलणं तोलूनमापून. त्यांना भिलाईच्या मेहुण्याने एक नायलॉनचा शर्ट भेट दिला होता आणि तो त्यांनी मोठ्या विश्वासाने हिरालालभाऊंकडे टाकला. हिरालालभाऊ म्हणजे गरीब गाय. आयुष्यभर त्यांनी सुती आणि टेरीकॉट दाबलेलं. कोळशाची इस्त्री चांगली लाल करून त्यांनी शर्टाच्या पाठीवर ठेवली, आणि उचलली तेव्हा पाठ इस्त्रीबरोबर वर आली.

गुरुजी आले तेव्हा हिरालालभाऊ दुकानामागे जाऊन उभे राहिले. पार्वताबाई सामोऱ्या गेल्या आणि त्यांनी शर्ट उलगडून दाखवला. पाठीवर बरोबर इस्त्रीच्या आकाराचं भोक होतं, त्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता. गुरुजी जे बोलायचं ते बोलले. पार्वताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं की गुरुजी, याहून जास्त तापलेली इस्त्री सुती कापड हसत सोसतं, मग हे वितळलं काऊन? प्रश्न विज्ञानाचा निघाला आणि गुरुजींचा राग तिथेच उतरला. काही माणसांना प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नाही, गुरुजी त्यातले होते.

ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले. कापूस बोंडातून येतो, कोसा किड्याच्या कोषातून, लोकर मेंढीच्या पाठीवरून. नायलॉन यातल्या कशातूनच येत नाही. ते कारखान्यात रसायनांपासून करतात, वितळवतात आणि साच्यातून शेवया पाडाव्या तसे त्याचे धागे पाडतात. जे वितळवून केलं ते पुन्हा उष्णता लागली की वितळणारच. बाकी त्याचे गुण मोठे आहेत. सुतापेक्षा चिवट, ताणलं तर परत जागेवर येणारं, वजनाला हलकं, पाणी जवळजवळ पीतच नाही म्हणून झटकलं की वाळतं. त्याला ना कसर खाते ना बुरशी धरते. दोष म्हणाल तर घाम शोषत नाही, उन्हाने आणि वयाने पांढऱ्याचं पिवळं होतं, आणि विस्तवाशी त्याचं वैर आहे. हे सगळं पटवून देण्यासाठी गुरुजी शर्टाचा एकेक धागा ओढून जाळत गेले. निम्मा शर्ट इस्त्रीने खाल्ला होता, उरलेला निम्मा शिकवण्यात संपला. गुरुजी रिकाम्या हाताने पण समाधानाने घरी गेले, आणि पार्वताबाईंनी त्याच दिवशी दुकानाच्या नावाने आगपेटी आणून ठेवली.

पुढच्या आठ-नऊ वर्षांत त्या आगपेटीने भल्याभल्यांची झोप उडवली. आठवडी बाजारात कापड विकणारे चुन्नीलाल शेठ ‘प्युअर कॉटन, बहनजी’ म्हणून जे द्यायचे, ते बायका थेट पार्वताबाईंपुढे आणून टाकायच्या. दोन वर्षं शेठने तोंड वाकडं केलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी पार्वताबाईंच्या दुकानासमोरच पाल मांडलं आणि ‘पार्वताबाई से पास कराया हुआ माल’ असं ओरडून विकायला सुरुवात केली. व्यापारी माणूस, त्याला कुठे नमायचं ते कळतं.

बायकांना मात्र पार्वताबाईंचा खरा उपयोग व्हायचा. धानाच्या रोवणीला दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभं राहायचं असतं. तिथे सुती लुगडं पाणी पिऊन असं जड होतं की ओच्याला दोन लेकरं लटकल्यासारखं वाटावं. म्हणून त्या सांगायच्या, शेताच्या बांधीत उतरताना नायलॉन नेसा, चिखल झटकला की जातो आणि काठाच्या धुऱ्यावर येईपर्यंत लुगडं वाळतं. पण घरी येऊन चुलीपुढे बसायच्या आधी ते सोडा आणि सुती गुंडाळा. सुती पेटलं तर झटकून विझवता येतं, नायलॉन पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. ही एक गोष्ट त्या इतक्यांदा आणि इतक्या कडक आवाजात सांगायच्या, की कोणी बाई चुकून नायलॉन नेसून चहा करत असली आणि दारात पार्वताबाई दिसल्या, तर ती चहा सोडून आत पळायची.

त्यांची मुलगी मोनाली दुकानात काजबटणाचं काम करायची. सत्याऐंशी सालचा तिचा जन्म, म्हणजे दोन हजार आठ साली एकवीसची. त्या वर्षी दिवाळीच्या मागेपुढे लोकेश नावाचा एक तरुण दुकानात येऊ लागला. तो नागझिऱ्याला गाईड होता, पर्यटकांना जिप्सीतून जंगल दाखवायचा. पहिल्यांदा आला तो पाठीवरच्या पिशवीचा तुटलेला पट्टा घेऊन. पट्टा नायलॉनचा होता. पार्वताबाईंनी शिवून दिला आणि वर काडीने त्याचं टोक शेकून बंद करायलाही शिकवलं, म्हणजे धागे सुटत नाहीत. पुढच्या आठवड्यात तो दुसरा पट्टा घेऊन आला. मग पावसाळी जाकीट, मग तंबूची कनात. शिवलेलं घ्यायला यायचा ते नेमका मोनाली एकटी दुकानात असेल तेव्हा.

चौथ्या खेपेला पार्वताबाईंनी फाटलेली जागा उजेडात धरून पाहिली. नायलॉन सहजासहजी फाटत नाही, आणि फाटलंच तर त्याच्या कडेला कुसं निघतात. ही कड तर आखून काढल्यासारखी सरळ होती. त्यांनी लोकेशला समोर बसवलं आणि विचारलं की बाबू, ब्लेड कोणत्या कंपनीचं वापरून राहिला? लोकेश कानापर्यंत लाल झाला. मोनालीने मान खाली घालून एकाच बटणाला अकरा टाके घातले. हिरालालभाऊंनी इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाले की मुलगा कामाच्या वस्तू कापतो म्हणजे त्याचा जीव खराच लागलेला दिसतो. पार्वताबाईंना मुलगा आवडला होता, पण ते त्यांनी पंधरा दिवस कोणाला कळू दिलं नाही.

लोकेशचे वडील गुलाब सहा वर्षांपूर्वी वारले होते. घरी आई सुशिलाबाई आणि शेजारीच काकू मंदाबाई. मार्च महिन्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. नेमका त्याच आठवड्यात सुशिलाबाईंचा पाय मुरगळला, म्हणून मुलाकडून मंदाबाई पुढारी होऊन आल्या. आल्या त्या बोलतच आल्या आणि गेल्या तेव्हाही बोलणं संपलेलं नव्हतं. जाताना त्यांनी मोनालीच्या ओटीत एक घडी ठेवली, मधासारख्या फिक्या पिवळ्या रंगाचं लुगडं.

“कोसा हाय, असली कोसा,” त्या चारचौघींना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “सुशिलाबाईनं सांगून धाडलं, का पोरीनं लग्नात हाच नेसावा.”

जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे जंगलात ऐनाच्या झाडावर कोसा होतो, बाया त्याचा रंग जन्मापासून पाहतात, आणि हा रंग हुबेहूब तोच होता. बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरं नेसते खरं, पण कोशाचा असा सौम्य रंग कोणी नाकारला नसता. सगळ्यांनी हात लावून पाहिला, पार्वताबाईंनीही लावला. आणि त्यांची बोटं तिथेच थबकली. कोसा थोडा खरबरीत असतो, हाताला ऊब देतो. हे गुळगुळीत होतं, थंड होतं, आणि बोटांखालून निसटत होतं.

पाहुणे गेल्यावर मोनालीने आईचा चेहरा पाहिला आणि तिला जे ओळखायचं ते तिने ओळखलं.

“आई, या लुगड्याले काडी लावू नको. माही शपत हाय तुले.”

पार्वताबाईंनी शपथ घेतली. ती त्यांनी चार दिवस पाळली आणि ते चार दिवस घरातल्या सगळ्यांना जड गेले. भात करपला. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. लुगडं कपाटात होतं आणि पार्वताबाईंचं चित्त त्या कपाटात होतं. पाचव्या दिवशी मोनाली मैत्रिणीकडे गेलेली पाहून त्यांनी स्वतःची समजूत घातली की शपथ काडीची आहे, पाण्याची नाही. लुगडं काढलं आणि एक थेंब टाकला. थेंब घरंगळला. मग पदर उलगडला, तर घडीच्या आत पदराच्या कडेला एक भोक होतं, हरभऱ्याएवढं. त्याची कड काळी नव्हती, भुसभुशीत नव्हती. ती टणक होती, बारीक मण्यांची.

आता काडीची गरजच उरली नव्हती. तरी त्यांचा हात आगपेटीकडे गेला. काठाचा एक धागा ओढला, पेटवला, आणि करपलेल्या देठांचा वास स्वयंपाकघरभर पसरला. मोनाली दारात उभी होती. मैत्रीण घरी नव्हती म्हणून ती परत आली होती.

त्या दिवशी मायलेकींचं जे वाजलं ते शेजारच्या तीन घरांनी जेवणं थांबवून ऐकलं. मोनालीचं म्हणणं, तिला लोकेशशी लग्न करायचं आहे, लुगड्याशी नाही. पार्वताबाईंचं म्हणणं, जुनं, भोक पडलेलं नायलॉन कोसा म्हणून खपवणारी माणसं पुढे आणखी काय खपवतील. आणि त्याहून मोठी एक धास्ती होती, ती त्यांनी शेवटी बोलून दाखवली. लग्नात नवरीला वंदनेच्या वेळी मेणबत्त्या लावायच्या असतात. पदर पुढे येतो, ज्योती चारपाच असतात. ज्या बाईने गावोगावच्या लेकीसुनांना नायलॉन नेसून चुलीपुढे जाऊ दिलं नाही, तिने आपल्या पोरीला ते नेसवून ज्योतींपुढे कसं उभं करायचं? आणि गप्प बसणं तर शक्यच नव्हतं, तोंड उघडावं तर विहिणीला खोटं ठरवल्यासारखं होतं. मुलाची आई अपमान झाला म्हणून लग्नच मोडून बसली, तर मोनाली जन्मात तोंड बघायची नाही.

“लगन मोडलं त मी या घरातून हालत नाई,” मोनाली डोळे पुसत म्हणाली. “बस मंग धागे जाळत.”

पार्वताबाईंना ते लागलं. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं की विहिणीला समोरासमोर विचारायचं. धागा वितळून झालेला मणी त्यांनी कागदाच्या पुडीत बांधला, पुरावा म्हणून. हिरालालभाऊंनी बायकोच्या पिशवीतून आगपेटी काढून घेतली.

सकाळच्या बसने त्या निघाल्या. कोहमाऱ्याला गाडी बदलली, आणि पुढे वाटभर मनातल्या मनात भाषण घोकत गेल्या. ‘आम्ही गरीब असलो तरी’ इथून त्याची सुरुवात होती आणि शेवट बराच तिखट होता. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या त्या गावात अंगणोअंगणी मोहफुलं वाळत होती. सुशिलाबाई बाजेवर पाय लांब करून बसल्या होत्या आणि काठीने शेळीला मोहफुलांवरून हाकलत होत्या. पार्वताबाईंना पाहताच त्यांचा चेहरा उजळला. जयभीम झाला, पाणी झालं. भाषणाला तोंड फुटणार, तेवढ्यात सुशिलाबाईंनीच विचारलं.

“इहीनबाई, लुगडा पुरते का पोरीले? माह्यापेक्षा उंच हाय ना थे.”

पार्वताबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “तुमच्यापेक्षा म्हंजे?”

“म्हंजे मी नेसली होती ना. माह्या लग्नाचा हाय थो. मंदानं नाई सांगतलं?”

मंदाबाईंनी पुष्कळ सांगितलं होतं, फक्त एवढंच नव्हतं सांगितलं. निरोप अर्धा त्यांनी वाटेतच हरवला होता, आणि लुगड्याचा रंग पाहून कोशाची भर स्वतःच्या मनाने घातली होती. त्या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून त्यांनी ते पेटीत पाहिलेलं पिवळंच. तो कोसाच असणार, अशी त्यांची मनापासून खात्री होती.

मग सुशिलाबाईंनी सगळी कथा सांगितली. साल त्र्याहत्तर. गुलाब गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला होते. तेव्हा खेड्यात नायलॉन कोणी पाहिलेलं नव्हतं, ते शहरातल्या श्रीमंतांचं कापड. गुलाबनी ते नवरीसाठी आणलं, दुधासारखं पांढरंशुभ्र. लग्नाआधी तीन गावच्या बाया ते बघायला आल्या. एकीने बादलीत बुडवून बाहेर काढलं आणि झटकलं, आणि सगळ्या जणी चहा पीत बसल्या तेवढ्यात ते वाळलंसुद्धा. असं लुगडं त्या पंचक्रोशीत कोणाच्याच अंगाला लागलं नव्हतं. लग्नात मेणबत्ती लावताना पदराची कड ज्योतीला लागली. कोणाला काही कळायच्या आत गुलाबनी पेटलेली कड उघड्या हाताने मुठीत धरून दाबली. आग तिथेच विझली. पण वितळलेलं नायलॉन तळहाताला चिकटलं आणि निघालं ते कातडी घेऊनच. तळहातावर त्याची खूण जन्मभर राहिली. नवराबायकोचं भांडण झालं की गुलाब काही बोलायचे नाहीत, नुसता तळहात पुढे करून दाखवायचे, आणि सुशिलाबाईंना भांडण तिथेच थांबवावं लागायचं.

“लई फायदा घेतला त्यानं त्या हाताचा,” सुशिलाबाई हसत म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. पस्तीस वर्षांत लुगड्याला कसर लागली नाही, बुरशी धरली नाही, एक धागा उसवला नाही. पांढरा रंग तेवढा गेला. लोकेशच्या बायकोने ते नेसावं ही गुलाब यांचीच इच्छा होती.

पार्वताबाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यभर त्यांनी कापड कसलं आहे ते विचारलं होतं, कोणाचं आहे ते कधीच विचारलं नव्हतं. भाषण केव्हाच विरून गेलं होतं. पण लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

“इहीनबाई, मी तुमच्या लुगड्याचा एक धागा काढला,” त्या म्हणाल्या. “अना जाळून पाह्यला.”

सुशिलाबाईंनी काठी बाजूला ठेवली. अंगणात शेळी खुशाल मोहफुलं खात होती, तिच्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

“मंग? काय निंगालं?”

“नायलॉन.”

“थे त मले पस्तीस वर्सापासून माहीत हाय. इचारलं असतं त काडी वाचली असती.”

एवढं बोलून सुशिलाबाई हसत सुटल्या आणि त्यांना हसताना पाहून पार्वताबाईंच्या छातीवरची धोंड उतरली. त्यांनी पिशवीतून पुडी काढली आणि मणी विहिणीच्या हातावर ठेवला. सुशिलाबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी मणी आपल्या तळहाताच्या मधोमध धरला आणि बोटाने हलकेच दाबून पाहिला.

“असाच होता,” त्या म्हणाल्या. “राहू द्या माह्यापाशी.”

मग पार्वताबाईंनी मेणबत्त्यांची धास्ती सांगितली. तीच धास्ती सुशिलाबाईंना लुगडं पाठवल्यापासून पोखरत होती. पण जुनं लुगडं द्यायचं आणि वरून त्याचे नियम सांगायचे, हे त्यांना बरं दिसेना, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या. आता दोघींनी मिळून बेत ठरवला. पदर घट्ट पिनेने बांधून कमरेला खोचायचा. मेणबत्त्या कंदिलाच्या काचेत ठेवायच्या. आणि त्या वेळी दोघींनी नवरीला खेटून उभं राहायचं, मग पाहुणे काही का म्हणेनात.

मोनालीला घरी आल्यावर सगळं कळलं तेव्हा ती आधी रडली आणि मग लुगडं पांढरं करायच्या मागे लागली. पार्वताबाई बिसेन गुरुजींना विचारायला गेल्या. गुरुजींनी बजावलं की ब्लीचिंगच्या पाण्यात चुकूनही घालू नका, नायलॉन पांढरं होण्याऐवजी आणखी खराब होईल. म्हणून लुगडं होतं तसंच राहिलं. पार्वताबाईंनी खालून नेसायला चांगलं सुती अस्तर आणि सुती ब्लाउज शिवला, मे महिन्याच्या उन्हात पोरगी घामाने हैराण होऊ नये म्हणून. हिरालालभाऊंनी दुकानोदुकानी फिरून कंदिलाच्या काचा गोळा केल्या. लुगड्याला इस्त्री करून देता का, असं मोनालीने चेष्टेने विचारलं, तर ते खरोखरच दोन पावलं मागे सरले.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. कोरड्या हवेत नायलॉन सुती अस्तराला चिकटायचं आणि मोनाली चालली की चटचट आवाज यायचा, त्यावरून करवल्यांनी तिला छळ छळ छळलं. मांडवात बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढे फुलं आणि काचेतल्या मेणबत्त्या. बौद्धाचार्यांनी सांगितलं तशी मोनाली मेणबत्ती लावायला वाकली. पदर पक्का खोचलेला होता, हलायला जागाच नव्हती. तरी ज्योत लागली त्या क्षणी डावीकडून सुशिलाबाईंचा हात आला आणि पदरावर बसला. उजवीकडून पार्वताबाईंचा हात आधीच तिथे होता. मेणबत्त्या सगळ्या लागून झाल्या, तरी दोघींपैकी कोणीही हात काढला नाही.

पंगती बसल्यावर पार्वताबाई वाढत फिरत होत्या. बायकांच्या पंगतीत मंदाबाई शेजारणींना कोशाची थोरवी सांगत होत्या. एका पाहुणीने पार्वताबाईंना थांबवलं. तुमच्यावाचून दुसऱ्या कोणाला कापडातलं कळणार, तुम्हीच सांगा, कोसाच आहे ना? सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. भाताची परात घेऊन उभ्या असलेल्या पार्वताबाईंना कापडाबाबत खोटं बोलायची सवय नव्हती, आणि त्या दिवशी तर गरजही नव्हती.

“नायलॉन हाय,” त्या पार मांडवाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “असली नायलॉन. गुलाब इवायाच्या हातचा.”

पलीकडच्या पंगतीत सुशिलाबाईंनी ते ऐकलं आणि त्या पानावरून उठून आल्या. त्यांनी विहिणीच्या हातातली परात काढून घेतली, तिला आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या पानात भात वाढला. मंदाबाईंना मात्र तो कोसाच वाटतो, अजूनसुद्धा.